भलवालपाशी धुकं

लाहोरहून इस्लामाबादला चार तास.
भेऱ्याला चहाला थांबलात तर साडेचार.
लोक म्हणतात, चिनाब कधी गेली, झेलम कधी गेली,
कळतसुद्धा नाही, काचा बंद असतात.
पुढे कल्लर कहारला मिठाचे डोंगर,
उतारावर जळक्या ब्रेकांचा वास.
हे सगळं ऐकीव.
मी हा रस्ता लांबीनं कधी पाहिला नाही.
मी तो आडवा पाहिलाय,
या तारेपासून त्या तारेपर्यंत:
तीन पदर, मधली कण्हेर, पुन्हा तीन पदर,
आणि पलीकडे माझ्या बहिणीचं घर.

नूरभरीला दिली तेव्हा इथे किन्नूची बाग होती.
निकाहाच्या दिवशी पुलावाची देग
मी आणि चाचा बांबूला लावून घेऊन गेलो
आणि झाकण काढलं तेव्हा वाफ डोळ्यांत गेली,
एवढंच अंतर.
मग मोजणीवाले आले, लाल झेंड्या रोवून गेले.
अब्बांनी पैसे मोजले, पुन्हा मोजले,
बागेचं मधलं पोट रोलरखाली गेलं.
पूर्वी आम्ही हाकेच्या अंतरावर होतो.
आता हाक मारली तर
दुसऱ्या पदरातच चिरडते.
जायचं तर बोगद्याकडून सात मैलांचा वळसा,
आणि सावनात बोगद्यात म्हशीच्या पाठीइतकं पाणी.

माझी नोकरी कुंपणाची.
सायकल, तारेचं भेंडोळं, पक्कड.
भोक शोधायचं, शिवायचं, वहीत लिहायचं.
साहेब विचारतात, खिज़र हयात, कोण कापतं ही जाळी?
कोल्हे असतील जी.
साहेब हसत नाहीत.
कोल्ह्याला पक्कड धरता येत नाही हे त्यांना ठाऊक आहे.
मला कापलेलं टोक बघूनच कळतं.
अब्बांच्या जुन्या पकडीचा एक दात तुटका,
ती तार कापत नाही, चावते.
वाटणीत ती पक्कड बहिणीकडे गेली.

पौषात झेलमवरून धुकं येतं.
आधी पूल जातो, मग दिवे, मग स्वतःचा हात.
पोलीस नाक्यावर साखळी लावतात,
ट्रक टोलबाहेर रांगेत झोपतात,
पिंडीची एखादी वरात मोटारीतच कुडकुडते,
नवरा मुलगा फोनवर ओरडत असतो.
आणि इथे, एकदम,
कुत्रं अंग खाजवतं तेही ऐकू येतं.

अशा रात्री मी कंदील न घेता जातो.
डांबर दिवसाची ऊब धरून असतं,
चपलेतून ती वर येते.
कण्हेरीपाशी ती आधीच बसलेली, गुडघे चोळत.
साठी उलटली तिची.
तू रोज उशिरा येतोस, म्हणते,
जणू रोजच भेटतो.
पदरात किन्नू. जुन्या बागेचे नाहीत,
जुनी बाग आपण जिथे बसलोय तिथे होती.
आंब्याच्या भांडणाचं निघतं, धाकट्याच्या कतारच्या व्हिसाचं,
अब्बांच्या कबरीवर कोण पाणी घालतं त्याचं.
मग ती विचारते, हा जातो कुठे रे शेवटी?
इस्लामाबादला.
तिथे काय आहे?
मी विचार करतो.
आमचे साहेब तिथून येतात, सांगतो.
हं, म्हणते, आणि बी थुंकते, पेशावरच्या बाजूला.

पहाटे कुठेतरी एक इंजिन खोकतं.
ती उठते, माझा खांदा धरून.
पांढऱ्या पट्ट्या मोजत जाते, एक, दोन,
आकडे ऐकू येतात, बाई दिसत नाही.
मग आकडेही नाहीत.
मी कण्हेर धरून उभा.
साली खिशात भरल्या आहेत, रस्त्यावर एकही ठेवली नाही.

थोड्या वेळानं पलीकडे तारेवर
पक्कड वाजते, तीनदा.
पोचली.
आठ वाजता ते भोक शिवायला
मलाच यायचंय,
सात मैल फिरून.